फेफरें आणि आपला गांव

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त जागतिक रुग्णदिनीं केलेलें भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या या आनंदाच्या दिवसांत मी आजाराविषयीं बोलणार असें ऐकतांच आपल्या समितींतील एका वडीलधाऱ्या गृहस्थांनीं मला हळूच विचारलें, "फादर, उत्सवाच्या घरीं हा विषय कशाला?" त्यांचें म्हणणें मला समजलें. परंतु विचार करतां करतां माझ्या मनांत असें आलें कीं, पन्नास वर्षांचा हिशेब मांडावयाचा तर तो केवळ उभारलेल्या भिंतींचा, चढविलेल्या घंटांचा आणि झालेल्या बाप्तिस्म्यांचा मांडून भागणार नाहीं. घरांत असूनही आपल्या हिशेबांत न आलेलीं माणसें किती, हेंही एकदां पाहिलें पाहिजे. आज ११ फेब्रुवारी, लूर्दच्या मातेचा सण. १९९३ सालापासून सारी ख्रिस्तसभा हा दिवस जागतिक रुग्णदिन म्हणून पाळीत आली आहे. म्हणून ज्या आजाराचें नांव आपण गांवांत मोठ्यानें घेत नाहीं, त्याविषयींच आज बोलावें असें मीं ठरविलें. कोणी त्यास फेफरें म्हणतात, कोणी मिरगी, कोणी फीट. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत त्यास अपस्मार म्हटलें आहे.

प्रथम एक साधा प्रश्न. हा आजार किती जणांस असतो? आपण कोणासही विचारा, उत्तर बहुधा असेंच येईल कीं, "आमच्या वाडींत एक होता, तो वारला, आतां कोणी नाहीं." कित्येक वर्षें मीही असेंच समजत होतों. परंतु ज्या वैद्यांनीं घरोघर जाऊन माणसें मोजलीं त्यांचें सांगणें निराळें आहे. मुंबईच्या पारशी समाजांत झालेल्या पाहणीचा वृत्तांत १९८८ सालीं प्रसिद्ध झाला. तींत हा आजार हजारीं ४.७ माणसांस आढळला. आपल्या देशांत ठिकठिकाणीं झालेल्या पाहण्या एकत्र करून १९९९ सालीं जो आकडा काढण्यांत आला, तो हजारीं ५.५९ होता. पुढें बंगळूर शहर व त्याच्या भोंवतालचीं खेडीं येथें डॉ. गौरी-देवी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १,०२,५५७ माणसांची पाहणी केली. २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या वृत्तांतांत शहराचा आकडा हजारीं ५.७ आहे आणि खेड्यांचा हजारीं ११.९, म्हणजे शहराच्या दुपटीहूनही थोडा अधिक. उलटपक्षीं, त्याच कर्नाटकांतील येळंदूर तालुक्यांत डॉ. मणि व त्यांच्या सहकाऱ्यांनीं सुमारें ६५ हजार ग्रामस्थांची पाहणी केली, तेव्हां प्रमाण हजारीं चार-पांच इतकेंच आढळलें.

आपण म्हणाल, एकाच प्रांतांतील दोन ग्रामीण भागांच्या आकड्यांत इतका फरक कसा? त्याचीं कारणें दोन प्रकारचीं असतात. एक तर आजाराचीं मूळ कारणें सर्व गांवांत सारखीं नसतात. त्याविषयीं पुढें सांगेन. दुसरें असें कीं, ही मोजणी रक्त तपासून होत नाहीं. कोणीतरी ओट्यावर येऊन विचारतो आणि घरांतील माणूस सांगतो. न सांगितल्यास तो रुग्ण मोजलाच जात नाहीं. उपवर मुलीचा आजार परक्याला कोणती आई सहज सांगेल? तेव्हां अशा आकड्यांत आजार किती हें जसें दिसतें, तसेंच लोकांस खरें सांगण्याची भीति किती वाटते हेंही थोडेंबहुत दिसतें.

आतां आपण आपल्यापुरता हिशेब करूं. एखाद्या धर्मग्रामांत ३००० माणसें आहेत असें धरा. देशाच्या सरासरीप्रमाणें त्यांत सतरा जणांस फेफरें असावयास पाहिजे. बंगळूरकडील खेड्यांच्या प्रमाणानें धरलें तर छत्तीस जणांस. सतरा असोत कीं छत्तीस, रविवारच्या मिस्सेच्या वेळीं त्यांनीं दोन-तीन बांक तरी भरले असते. ते बांक कोठें आहेत? तीं माणसें कोठें बसलीं आहेत? माझ्या मतें आजच्या भाषणाचा सारा आशय या एका प्रश्नांत आहे. हा आजार आपल्या गांवांत विरळा नाहीं. विरळा आहे तो त्याविषयीं उघडपणें बोलणारा मनुष्य.

ह्या दाराआडच्या माणसांची ओळख मला कशी झाली, तें सांगतों. त्यांत माझाच दोष आहे, आणि ज्या मुलीची ही हकीकत, तिच्या संमतीनें ती सांगत आहें. पुष्कळ वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका धर्मग्रामांत असतांना पुनरुत्थानाच्या सणानंतर घरें आशीर्वादित करण्यासाठीं वाडीवाडीनें फिरत होतों. एका घरीं ओटी, माजघर, स्वयंपाकघर सर्वत्र पवित्र पाणी शिंपडून झालें. एका खोलीचें दार मात्र बंद होतें. "तेथें नुसतें सामान आहे, फादर," आई म्हणाली. इतक्यांत आंतून कोणी खोकलें. आईचा चेहरा उतरला आणि तिनें दार उघडलें. आंत बावीस-तेवीस वर्षांची मुलगी बसली होती. तिचा उजवा हात मनगटापासून कोंपरापर्यंत भाजून आंखडला होता. चुलीपाशीं असतांना फेफरें येऊन ती विस्तवावर पडली होती. शेजाऱ्यांना सांगितलें होतें कीं, उकळतें तेल सांडलें. कारण धाकट्या बहिणीचें लग्न जुळत होतें.

मीं काय केलें? तिच्या मस्तकावर हात ठेवला, प्रार्थना केली, नऊ दिवसांची नोवेना करण्यास सांगितलें, आणि पुढच्या घरीं गेलों. औषधाचा एक शब्दही माझ्या तोंडून निघाला नाहीं. महिन्याभरानें आमच्या दवाखान्यांतील एक सिस्टर त्या घरीं गेल्या. त्या आईजवळ जमिनीवर बसल्या आणि त्यांनीं विचारलें, "बाय, हें किती वर्षांपासून आहे?" त्या घरांत हा प्रश्न तोंवर कोणींच विचारला नव्हता. पुढें त्यांनींच मायलेकींना डॉक्टरांकडे नेलें व गोळ्या सुरू झाल्या. महिन्यांतून चार-पांच वेळां येणारें फेफरें वर्षांतून एक-दोन वेळांवर आलें. अगदीं थांबलें नाहीं. परंतु ती मुलगी आईबरोबर रविवारीं मिस्सेला येऊं लागली. माझी प्रार्थना चुकली नव्हती; प्रार्थना करून मी जेथें थांबलों, तेथें चुकलों.

त्या सिस्टरांचा प्रश्न ऐकून मला शुभवर्तमान आठवलें. एक बाप आपल्या मुलाला घेऊन प्रभूकडे येतो, ती गोष्ट मत्तय, मार्क व लूक या तिघांनींही सांगितली आहे. मूल जमिनीवर पडतें, तोंडाला फेस येतो, अंग ताठ होतें. पुष्कळदां तें विस्तवांत आणि पाण्यांत पडलें आहे. मार्काच्या वृत्तांतांत प्रभु येशू त्या बापाला प्रथम काय विचारतो? हें याला केव्हांपासून होत आहे, एवढेंच. आणि बाप सांगतो कीं, बाळपणापासून. त्या मुलाच्या ठायीं दुष्ट आत्मा होता असें शुभवर्तमान सांगतें, आणि तें मी नाकारीत नाहीं. परंतु त्यावरून आज फेफरें येणाऱ्या प्रत्येक लेकराला भूतबाधा झाली आहे असें ठरविण्याचा अधिकार आपल्याला कोणीं दिला? विस्तव आणि पाणी हीं संकटें मात्र आजही तींच आहेत. ज्या आजारी माणसाला औषध मिळत नाहीं, त्याला चूल, विहीर आणि बावखल यांचें भय रोजचेंच.

मग हा आजार आहे तरी काय? आपल्या मेंदूंतील असंख्य पेशी अगदीं सूक्ष्म अशा विद्युत्प्रवाहानें आपलें कार्य करीत असतात. हान्स बर्गर या जर्मन वैद्यानें १९२९ सालीं माणसाच्या मेंदूंतील ह्या लहरींचा आलेख प्रथम प्रसिद्ध केला. ह्या प्रवाहाचा तोल क्षणभर सुटला कीं फेफरें येतें. इसवी सनापूर्वी सुमारें ४०० वर्षें ग्रीक वैद्यांनीं लिहून ठेवलें आहे कीं, हा आजार देवाचा कोप नव्हे. इतर आजारांप्रमाणेंच त्याचें कारण शरीरांत आहे. आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. एकदां फेफरें आलें म्हणजे अपस्मार जडला असें नव्हे. शंभरांतील दहा जणांपर्यंत लोकांस जन्मांत एकदां असा झटका येऊं शकतो असें म्हणतात. लहान मुलाला कडक तापांत येणारी आंकडी हीही बहुधा अपस्मार नसते. तरी डॉक्टरांस दाखवावें. उलट, प्रत्येक फेफऱ्यांत मनुष्य पडतोच असेंही नाहीं. वर्गांत एखादें मूल दिवसांतून अनेकदां कांहीं क्षण शून्यांत पाहत बसतें, विचारलेलें त्याला ऐकूं येत नाहीं, आणि शिक्षक त्याला छडी दाखवितात. तेंही फेफरें असूं शकतें.

आतां तें खेड्यांत अधिक कां असावें, तें पाहूं. बाळंतपण अडलें आणि बाळाच्या मेंदूला वेळेवर प्राणवायु मिळाला नाहीं. झाडावरून किंवा दुचाकीवरून पडून डोक्याला मार लागला. मेंदूचा ज्वर झाला आणि उपचारास उशीर झाला. हीं सर्व कारणें जेथें इस्पितळ दूर तेथें अधिक घडतात. आणखी एक कारण पट्टकृमीचें आहे. अर्धेंकच्चें डुकराचें मांस खाल्ल्यानें तो कृमि आंतड्यांत वाढतो, हें आपल्यापैकीं पुष्कळांस ठाऊक आहे. सणासुदीला आपल्या घरीं तें मांस शिजतें, म्हणून तें चांगलें शिजवावें हें योग्यच. परंतु मेंदूंत गांठी होतात त्या कृमीच्या अंड्यांनीं. आणि तीं अंडीं कृमि झालेल्या माणसाच्या विष्ठेंतून, न धुतलेल्या हातांतून, अस्वच्छ पाण्यांतून व कच्च्या भाजीवरून पोटांत जातात. म्हणून ज्यानें जन्मांत मांसाला स्पर्श केला नाहीं त्यालाही हा आजार होऊं शकतो. संडास, साबण आणि स्वच्छ पाणी हें यावरील खरें संरक्षण होय. जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें अपस्माराचे सुमारें एक चतुर्थांश रुग्ण अशा टाळतां येण्याजोग्या कारणांनीं होतात. शिवाय ह्यांतील एकही कारण असें नाहीं कीं, ज्यामुळें हा आजार शेजारीं बसल्यानें किंवा एका ताटांत जेवल्यानें दुसऱ्यास लागावा.

ह्या रुग्णांस दूर ठेवण्यांत समाज जसा चुकला, तसे आम्हीही चुकलों, हें धर्मगुरु या नात्यानें मला सांगितलें पाहिजे. १९१७ सालच्या धर्मनियमसंग्रहांतील ९८४ व्या नियमानें, ज्यांस अपस्मार आहे किंवा पूर्वीं होता त्यांस गुरुदीक्षेला अपात्र मानलें होतें. आणि वेडे व भूतबाधा झालेले यांच्याच ओळींत त्यांस बसविलें होतें. १९८३ च्या नव्या संग्रहांत अपात्रतेच्या कारणांतून अपस्माराचें नांव गेलें. देशाचा कायदाही असाच सुधारत आला. हिंदु विवाह कायदा व विशेष विवाह कायदा यांत विवाहाच्या आड येणाऱ्या गोष्टींत अपस्माराचा उल्लेख होता. तो १९९९ सालीं काढून टाकण्यांत आला. ख्रिस्तसभेच्या नियमांप्रमाणें अपस्मार हा विवाहाला अडथळा नाहींच. ग्रंथांतून गेलेला शब्द मनांतून मात्र अजून गेलेला नाहीं.

विवाहाचा विषय निघालाच आहे तर आईबापांस दोन शब्द स्पष्ट सांगतों. आजार लपवून लग्न लावूं नका. लग्नानंतर नवी नवरी सासरीं गुपचूप गोळ्या कशा घेणार? ती गोळ्या बंद करते, आठ-पंधरा दिवसांत फेफरें येतें, आणि मग सासरचीं माणसें आजाराला नव्हे तर फसवणुकीला दोष देतात. धर्मनियमांप्रमाणेंही कपटानें मिळविलेली संमति विवाहाच्या वैधतेलाच बाध आणूं शकते. उलट, मुलाकडील मंडळींस मी विचारतों, मधुमेह झालेल्या वराला तुम्ही मुलगी देतां. मग रोज एक-दोन गोळ्या घेऊन नीट चालणाऱ्या मुलीला नाकारण्याचें कारण काय? ह्या आजारांत स्त्री संसार करूं शकते व माताही होऊं शकते. मात्र कांहीं औषधें गर्भाला अपाय करणारीं असतात. म्हणून लग्नापूर्वींच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि आपल्या मनानें कोणतेंही औषध सोडूं नये.

औषधांविषयीं तर निराश होण्याचें कारणच नाहीं. फिनोबार्बिटोन हें औषध १९१२ सालापासून आणि फिनिटॉइन १९३८ सालापासून ह्या आजारावर वापरण्यांत येत आहे. दोन्ही स्वस्त आहेत. येळंदूरच्या ज्या पाहणीचा मीं उल्लेख केला, तींतील रुग्णांना पुढें हींच साधीं औषधें त्यांच्या गांवांतच देण्यांत आलीं, आणि पुष्कळांस चांगला गुण आला. जगांत ह्या आजाराचे सुमारें पांच कोटि रुग्ण आहेत. योग्य उपचार झाल्यास त्यांतील शंभरांपैकीं सत्तरांपर्यंत लोक फेफऱ्यांवांचून जगूं शकतील असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. आणि तीच संघटना असेंही सांगते कीं, गरीब देशांत चारांतील तिघांस हा उपचार मिळत नाहीं. औषध आहे, स्वस्तही आहे, तरी तें रुग्णाच्या हातीं पडत नाहीं. मध्यें अंतर कशाचें? कांहीं ठिकाणीं तें रस्त्याचें असेल, कांहीं ठिकाणीं पैशाचें. परंतु पुष्कळ घरीं तें केवळ बंद दाराचें आहे.

आपल्या डोळ्यांदेखत कोणास फेफरें आल्यास काय करावें, हें लहानथोर सर्वांनीं शिकून ठेवावें. कांदा किंवा जोडा हुंगवूं नये. हातांत लोखंड देऊं नये. दांतांमध्यें चमचा घालूं नये. पाणी पाजूं नये. हातपाय दाबून धरूं नयेत. विस्तव, पाणी व धारदार वस्तु यांपासून त्यास दूर करावें, डोक्याखालीं मऊ कापड ठेवावें, गळ्याजवळचे कपडे सैल करावे, आणि झटके थांबतांच त्यास कुशीवर वळवावें. घड्याळाकडे लक्ष असावें. पांच मिनिटांत फेफरें थांबलें नाहीं, किंवा शुद्धीवर येण्यापूर्वींच दुसरें आलें, तर १०८ वर कळवून रुग्णवाहिका बोलवावी. तो शुद्धीवर येईपर्यंत कोणी तरी एकानें जवळ बसावें. भोंवतीं जमलेल्या बाकीच्या मंडळींनीं मात्र आपापल्या कामास जावें. शुद्धीवर येतांच पन्नास डोळे आपल्याकडे लागलेले पाहणें हें त्या माणसास फेफऱ्याहून अधिक जड जातें.

आतां ह्या महोत्सवाच्या वर्षांत आपण काय करावें? मीं कोणाच्याही नांवांची यादी मागितलेली नाहीं आणि मागणारही नाहीं. व्यासपीठावरून कोणाचा आजार पुकारला जाणार नाहीं. ज्यांच्या घरीं असा रुग्ण असेल त्यांनीं मला, सिस्टरांना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रांतील डॉक्टरांना एकांतांत सांगावें. डॉक्टरांकडे जाण्यास सोबत हवी असेल तर ती आम्ही देऊं. आपल्या शाळेंतील शिक्षकांनीं शून्यांत पाहणाऱ्या मुलाला छडी दाखविण्यापूर्वीं त्याच्या आईबापांस बोलवावें. आणि तरुण मंडळींनीं फेफऱ्याची नक्कल करून हंसणें आजपासून सोडावें. कारण ती नक्कल ऐकणारें एखादें माणूस त्याच भिंतीपलीकडे बसलेलें असतें.

येत्या १४ तारखेला संत व्हॅलेंटाइनचा दिवस येतो. आजकाल त्या दिवशीं गुलाबाचीं फुलें विकलीं जातात. परंतु युरोपांतील भाविक कित्येक शतकें त्याच संताचा धांवा फेफरें येणाऱ्या आपल्या लेकरांसाठीं करीत आले आहेत. आपणही त्या दिवशीं तशी प्रार्थना करूं. आणि प्रार्थना करून तेथेंच न थांबतां शेजारच्या दाराशीं जाऊं.

शुभवर्तमानांतील त्या गोष्टीचा शेवट लक्षांत घेण्यासारखा आहे. लोक म्हणत होते, मूल मेलें. प्रभूनें त्याचा हात धरून त्यास उठविलें, असें मार्क सांगतो; आणि त्यास त्याच्या बापाच्या स्वाधीन केलें, असें लूक सांगतो. बरें करणें म्हणजे केवळ फेफरें थांबविणें नव्हे. त्या माणसास पुन्हां त्याच्या माणसांत आणून बसविणें, हें तें काम. पुढील महोत्सवाच्या वेळीं आपल्यापैकीं पुष्कळजण येथें नसूं. परंतु त्या दिवशीं ह्या मंदिरांत बसलेल्या मंडळींत ते सतरा किंवा छत्तीस जण आपापल्या कुटुंबासह उघडपणें बसलेले असावेत, आणि कोणीही त्यांच्याकडे वळून पाहूं नये, एवढीच माझी इच्छा आहे. देव आपणां सर्वांस, आणि आज आपल्या घरीं दाराआड राहिलेल्या त्या सर्वांसही, आशीर्वाद देवो.